पोळ्यानंतरची मोटार

मोटारीचे दोष दोनच जातींचे असतात. एक डोळ्यांना दिसणारे आणि दुसरे विजेचे. चाक फुटलं, स्प्रिंगचा पाटा तुटला, पाण्याची टाकी गळायला लागली, तर शेंबडं पोरही बोट दाखवून सांगतं. विजेचं तसं नाही. ती दिसत नाही, आणि मिस्त्री समोर आला की सासरी आलेल्या सुनेसारखी शहाणपणानं वागते. मिस्त्री वेशीबाहेर गेला की पुन्हा आपल्या वळणावर. जालन्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. बारा वर्षं मी मोटारी दुरुस्त करत होतो. त्या बारा वर्षांत सगळ्या मोटारींनी मिळून मला जेवढं छळलं नाही, तेवढं धावड्याच्या धर्मराज पाटलांच्या एकट्या मोटारीनं एका महिन्यात छळलं.

मोटार तेहेतीस सालची, अमेरिकन बनावटीची. लढाई संपून वर्ष झालं होतं, पण नवी मोटार कुठं मिळत नव्हती, सुटे भाग मिळत नव्हते आणि पेट्रोल कुपनावर. पाटलांनी ती औरंगाबादच्या एका वकिलाकडून घेतली आणि ड्रायव्हर मला विचारला. मी माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हस्कूदाजींचं नाव सांगितलं. दाजी मेंढरं राखणाऱ्या घरातले, पण माझ्या दुकानात तीन वर्षं राहून मोटार अशी शिकले होते की तिच्या आवाजावरून तिला काय झालंय ते सांगायचे. शब्द मी टाकला होता. पाटलांनी नोकरी दिली आणि गोठ्याच्या पलीकडे एक खोली दिली. माझी बहीण, गोपिकाआक्का, तिथं चूल मांडून बसली. दाजी दुकानात शिकत होते तेव्हाही ती सासरच्या मेंढरांमागंच फिरत होती; गेल्या पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिला एका जागी पावसाळा काढायला मिळत होता. नोकरी गेली तर खोलीही जाणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

श्रावणात मी धावड्याला जाऊन मोटारीचं तेल बदलून आलो, तेव्हा ती ठणठणीत होती. पोळा झाला आणि पाचव्या दिवशी दाजी मोटार घेऊन दुकानात हजर.

"रायभान, ही काई तरी बिघडली गड्या," ते म्हणाले. "पोळ्याला मी दोन दिस गावाकडं गेल्तो. आल्यापासून असंच करून राह्यली."

"काय करून राह्यली?"

"हॉर्न दाबला का इंजिन अडखळतं. दिवे लावले का मंद व्हतात, अन् क्लच दाबला का एकदम लख्ख. चोकचं बटण बी कवा कवा गरम लागतं."

"चोकच्या तारेत वीज नसती दाजी. इंजिनाची धग लागत आसंल."

"आसंल. पण पोळ्यापासूनच व्हतंय, ध्यानात ठिव."

"पोळ्याचा अन् विजेचा काय संबंध? तुम्ही गाडी चालवा, दोष मी पाहतो."

दाजींनी किल्ली माझ्या हातात दिली. ते तसेही फार बोलणारे नव्हते. मी कामाला लागलो. प्लग साफ केले, पॉइंट घासले, बॅटरीच्या टोकांवर आलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. गाडीखाली शिरून इंजिन आणि चासी म्हणजे खालचा सांगाडा यांना जोडणारी पट्टी पाहिली. ही पट्टी म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची चपटी वेणी. मोटारीत वीज जाते तारेनं आणि परत येते लोखंडातून. या मोटारीचं इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं, म्हणून इंजिनातून परत यायला तिला ही वेणी लागते. पट्टी जागेवर होती. दोन्ही टोकांचे बोल्ट घट्ट. पोळ्याला पाटलांनी बैलांबरोबर मोटारही रंगवून घेतली होती. चाकांना हिंगूळ, दारांना बेगड, बॉनेटवर हळदीचे पंजे. गाडीच्या पोटाशीसुद्धा सगळीकडे लाल हिंगूळ आणि त्यावर चिखल. त्या रंगाऱ्याच्या नावानं दोन शिव्या हासडून मी बाहेर आलो.

संध्याकाळपर्यंत गाडी स्टेशनापर्यंत आणि परत अशी चार वेळा फिरवली. गाडी बराबर. दाजींना मी म्हटलं, "झालं. घेऊन जा."

आठ दिवसांनी पाटलांचं बोलावणं आलं.

धावड्याला जायचं म्हणजे भोकरदनपर्यंत उतारू नेणारी सर्व्हिस मोटार आणि पुढे बैलगाडी. रस्ता काळ्या मातीचा. पाऊस पडून गेलेला. मी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि गाडीवान मला वाटभर मोटारीपेक्षा बैल कसा बरा ते समजावत होता. त्याचं बहुतेक खरं होतं, म्हणून राग अधिकच येत होता.

पाटील आवारात खाटेवर बसले होते. अंगानं आडवे, आवाज त्याहून आडवा. त्यांनी मला पाणी विचारलं आणि लगेच मुद्द्यावर आले.

"मिस्त्री, तुमचा दाजी एकटा गाडी घेऊन भोकरदनला जातो तवा गाडी बराबर चालती. मी बसलो का दर गावात बंद पडती. लोक हासून राह्यले. त्यात पेट्रोल. पयले जेवढ्यात जालना गाठायची, तेवढ्यात आता राजूर बी येत न्हाई. मंग पेट्रोल जातं कुठं?"

"पाटील, इंजिन अडखळत चाललं का पेट्रोल जास्त खातं."

"मला त्यातलं कळत न्हाई. पण माणूस कळतो. कुपनावरचं पेट्रोल बाजारात दामदुपटीनं जातं, हे मला कळतं. मला शक हाय. दसऱ्याच्या आत दोष दाखवा. न्हाईतर दसऱ्याला तुमच्या दाजीनं आपलं बोचकं उचलायचं."

दाजी मोटारीला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. मला वाटलं त्यांनी काही तरी बोलावं. निर्दोष माणसानं तोंड उघडावं असं मला नेहमी वाटतं, कारण माझं तोंड कधी मिटत नाही.

पाटलांचा शब्द पोकळ नव्हता, हेही मला माहीत होतं. गेल्या साली एका सालदाराच्या हातून मानाच्या बैलाचं शिंग मोडलं. त्याच दिवशी त्याची बायको, पोरं आणि भांडी वेशीबाहेर निघाली. सालदार तीस वर्षांचा जुना होता.

मी दोन दिवस त्या मोटारीशी झुंजलो. डायनमो उघडला, त्यातले ब्रश घासले. दिव्यांच्या तारा उकलून नव्यानं जोडल्या. जालन्याहून येताना एका शेटजींच्या गाडीची कॉइल मागून आणली होती, ती लावून पाहिली. सेल्फ मारला की कधी इंजिन झटक्यात उठायचं, कधी म्हातारीसारखं कण्हायचं. दर वेळी मला वाटायचं, सापडलं. दर वेळी अर्ध्या तासानं हॉर्न वाजवला की इंजिन ठेचकाळायचं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं. फक्त म्हैस कोणती आणि पखाल कोणती, हे मला कळत नव्हतं.

पुन्हा एकदा गाडीखाली गेलो. पुन्हा पट्टी पाहिली. जागेवर.

आणि गाव भोवती जमलेलं. मोटार बिघडली की गावातला प्रत्येक माणूस मिस्त्री होतो. एक म्हणाला, पेट्रोलात पाणी असेल. दुसरा म्हणाला, वकिलाची हाय लागली. तिसऱ्याचं म्हणणं, यंदाच्या पोळ्याला पाटलांनी मानाच्या बैलजोडीच्या पुढे मोटार उभी केली आणि वेशीवरच्या तोरणाखालून पहिली मोटार नेली, म्हणून बैलांचा तळतळाट लागला. पाटलांच्या आईनं, द्वारकाबाईंनी, तर बॉनेटला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. मी तो सोडला नाही. म्हटलं, माझ्या विद्येनं काही होत नाही, निदान बिब्ब्यानं तरी होऊ दे.

त्या गर्दीत एकच माणूस काही सुचवत नव्हता. पाटलांचा बैलकरी कचरूबाबा. साठीच्या पुढचा, दुष्काळात पोरका होऊन या घरी आलेला आणि चाळीस वर्षं इथलीच जनावरं पाहणारा. तो चाकाजवळ उकिडवा बसून माझ्याकडे पाहत राहायचा. मला पाना लागला की पाना द्यायचा, तहान लागली की न मागता तांब्या आणायचा. एकदाच त्यानं विचारलं, "मिस्त्री, हिला दुखतं तरी कुठं?"

"ते कळलं असतं तर मी इथं लोळलो असतो का बाबा?" मी खेकसलो. त्यानं मान हलवली आणि चाकावरचा चिखल बोटानं काढत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कानं जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. दाजी माझ्यासमोर बसले होते. माझं डोकं तापलेलं. दोन दिवस हात काळे करून हाताला काही लागलं नव्हतं, आणि पाटलांचा तो प्रश्न कानात घुमत होता. पेट्रोल जातं कुठं? एकटा असला की गाडी बराबर, मालक बसला की बंद. हे विजेला कसं कळणार? विजेला मालक आणि नोकर कळतात का? मला दोष सापडत नव्हता. मग दोष नसेलच तर?

मी घास खाली ठेवला आणि म्हणालो, "दाजी, एक इचारू का? खरं सांगा. तुम्ही पेट्रोल इकलं तर न्हाई ना?"

आक्काच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग ते जेवू लागले. ताटातली भाकरी संपवली, हात धुतला, टोपी घातली आणि बाहेर गेले.

"जेवून घे," आक्का मला म्हणाली. करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात टाकली.

मी मनाची समजूत घातली. मिस्त्रीचं कामच आहे सगळं विचारणं. प्लग पाहतो, पॉइंट पाहतो, तसाच ड्रायव्हरही पाहावा लागतो. समजूत चांगली होती, पण ताट तसंच टाकून मी उठलो. त्याच दिवशी मी जालन्याला परत आलो.

दसऱ्याला दोन दिवस उरले तेव्हा मी दुकान बंद करून पुन्हा धावड्याला गेलो. या वेळी नवीन काही सुचलं म्हणून नव्हे. सुचलं काहीच नव्हतं. नुसतं जालन्यात बसवेना म्हणून. पोहोचलो तर आक्का खोलीत भांडी पोत्यात भरत होती. मला पाहून तिनं हात थांबवले नाहीत. दाजी पाटलांच्या कामासाठी कुठं तरी गेले होते.

मी थेट मोटारीकडे गेलो. प्लग, पॉइंट, कॉइल, डायनमो. रामरक्षा म्हणावी तसं सगळं ओळीनं पुन्हा केलं. पुन्हा खाली जाऊन पट्टी पाहिली. लाल, चिखलानं माखलेली, जागेवर. पट्टी पाहायची ही तिसरी खेप. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि वीज शोधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेवढ्यात पाटील आले. म्हणाले, "हटा. मीच पाहतो हिला." स्टेअरिंगवर बसले, चोक ओढला आणि सेल्फ मारला. इंजिन कण्हलं. पाटील हट्टाचे. सेल्फ सोडेनात. दाबून धरला, दाबून धरला, आणि एकाएकी चोकच्या बटणावरचा हात झटकून ओरडले. बोट भाजलं होतं. चोकच्या तारेच्या नळीतून धुराची बारीक रेघ निघाली.

पाटील मोटारीला आणि मला एकत्रच शिव्या देत घराकडे गेले, बोटाला तूप लावायला. मी तिथंच उभा. इंजिन थंडगार होतं. सकाळपासून ते सुरूच झालं नव्हतं. मग धग कसली? ज्या तारेतून वीज जात नाही ती तार तापली कशी?

तापली, कारण तिच्यातून वीज जात होती. सेल्फला लागणारी सगळी वीज परतीचा रस्ता न मिळाल्यानं त्या बिचाऱ्या चोकच्या तारेतून बॅटरीकडे निघाली होती. क्लच दाबला की क्लचच्या दांड्यातून जात होती, म्हणून दिवे उजळत होते. आणि हॉर्न या गाडीला इंजिनाच्याच डोक्यावर बसवलेला. तो आणि इंजिन त्याच अरुंद वाटेवर ढकलाढकली करत होते. पाटील गाडीत असले की दर गावात हॉर्न मारायला लावत. दाजी एकटे असले की हॉर्न मारतच नसत. एवढंच होतं. मालक आणि नोकर विजेला कळत नव्हते, पण हॉर्न कळत होता.

म्हणजे पट्टी. पण पट्टी जागेवर होती. तीनदा पाहिली होती.

मी गाडीखाली शिरलो आणि या वेळी तिला हात लावला. ती मऊ होती. नखानं चिखल आणि हिंगूळ खरवडला. आत तांबं नव्हतं. आत अंबाडी होती.

अंबाडीच्या वाखाची चार पेडी वेणी. चपटी, एकसारखी, कुठं एक धागा सुटलेला नाही. दोन्ही टोकांना लोखंडी कड्या गुंफलेल्या, बोल्ट बसावा म्हणून. वर तेलात खललेल्या हिंगुळाचा जाड हात. मी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत सुबक दावं त्या मोटारीच्या पोटात बांधलेलं होतं, आणि त्यातून वीज जावी म्हणून मी महिनाभर वाट पाहत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी जालना ते धावडा असा दोनदा घातला होता.

"कचरूबाबा," मी खालूनच म्हणालो. तो चाकाजवळ होताच. "हे काय हाय?"

त्यानं वाकून पाहिलं. "दावं."

"कशाचं दावं?"

"इंजिनाचं. लई थरथरतं ना ते. उधळू नाही म्हणून बांधेल व्हतं. जुनं पार झिजलं व्हतं, धागे निघाल्ते. पोळ्याच्या आदल्या दिशी नदीत धुवाया नेली तवा खालून दिसलं. मालक म्हणले, औंदा तोरणाखालून पयली मोटार जाणार. आता मानाचं जनावर, अन् गळ्यात जुनं दावं? लोक काय म्हणतील? म्या रातभर बसून वाख वळला. गाडीच्या पेटीतला पाना घेऊन बराबर आवळलं बी." मग जरा थांबून म्हणाला, "चाळीस वर्सं झाली, पोळ्याला या घरच्या एका बी जनावराला जुनं दावं ठिवलं न्हाई."

त्याच्या आवाजात अभिमान होता. मला त्याचं डोकं फोडावं की माझं, हे ठरेना. महिनाभर एक माणूस चोर ठरून फिरतोय, माझी बहीण पोत्यात भांडी भरतेय, आणि हा म्हातारा मला विचारत होता, हिला दुखतं कुठं.

"जुनं कुठं हाय?"

"गोठ्यात खुंटीला. तांब्याचं दिसलं म्हणून टाकलं न्हाई." तो लगबगीनं गेला आणि पट्टी घेऊन आला. मी अंबाडीची वेणी सोडली, तांब्याची बसवली, बोल्ट आवळले. सेल्फ मारला. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. हॉर्न दाबला, दाबून धरला. इंजिन हललं नाही. दिवे लावले, क्लच दाबला, सोडला. दिवे तसेच.

एवढा आनंद व्हायला हवा होता, तर झाला राग. इतकं सोपं होतं म्हणून राग.

कचरूबाबा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मग माझ्या हातातल्या अंबाडीच्या वेणीकडे. तो मूर्ख नव्हता. हळूच म्हणाला, "मिस्त्री, ह्येच्यापायी व्हतं का हे समदं?"

मी उत्तर द्यायच्या आत हॉर्न ऐकून पाटील आले. बोटाला चिंधी बांधलेली. त्यांच्यामागून दाजीही कामावरून परतलेले दिसले.

"सापडलं?" पाटलांनी विचारलं.

कचरूबाबानं तोंड उघडलं. मला त्या शिंग मोडलेल्या बैलाचा सालदार आठवला. त्याचे तरी हातपाय चालत होते, कुठंही पोट भरलं असतं. मी हात पुसत असल्यासारखी वेणी फडक्यात गुंडाळून पेटीत टाकली.

"सापडलं पाटील. चूक माझी हाय. श्रावणात मी तेल बदलाया आल्तो ना, तवा खालची पट्टी साफ कराया काढली, अन् लावायची राह्यली. आता लावली."

"म्हंजी?"

"म्हंजी दाजींचा यात काई दोष न्हाई. पेट्रोल बी त्यानंच जास्त लागलं. बिलकुल चोरी न्हाई."

पाटलांनी भाजलेलं बोट माझ्यापुढं नाचवलं. मग सुटले. मिस्त्री म्हणवतोस, महिनाभर माझी अब्रू गावोगाव वेशीला टांगलीस, बोट भाजलंस, आणि चूक तुझीच? ते दहा मिनिटं बोलले. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, "आजपासून माझ्या मोटारीला हात लावायचा न्हाई. बाजारात शंभर मिस्त्री हायेत." आणि दाजींकडे वळून, जसं काही झालंच नव्हतं तसं, "म्हस्कू, परवा सीमोल्लंघनाला गाडी काढायची. धुऊन ठिव. अन् या मिस्त्रीला भोकरदनला सोडून ये जल्दी."

दाजी "जी" म्हणाले.

कचरूबाबा गोठ्याकडे गेला. जाताना त्यानं माझ्या पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. मला ते आवडलं नाही. मी उगाच पेटीचं झाकण उघडून हत्यारं नीट लावायला लागलो. पण खोटं कशाला बोलू, आतून मी फुगलो होतो. पाटलांच्या शिव्या खाल्ल्या, एक गिऱ्हाईक गमावलं, पण म्हाताऱ्याचं छप्पर राखलं, दाजींचं नाव धुऊन काढलं. आक्काला जाऊन म्हटलं, भांडी काढ पोत्यातून. तिनं पोतं उलटं केलं, डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, "दाजींशी बोललास का?" मी म्हटलं, "बोलायचं काय? झालं ना समदं."

दाजी मला घेऊन भोकरदनला निघाले. मोटार तुपासारखी चालली होती. मध्ये एका गावात म्हशी आडव्या आल्या, दाजींनी हॉर्न मारला, इंजिनानं दखलही घेतली नाही. मी म्हणालो, "पाहा, कशी चालली." त्यांनी मान हलवली.

भोकरदनला केळणा नदीच्या उतारावर, सर्व्हिस मोटार जिथं लागते तिथं, त्यांनी गाडी थांबवली. मी पेटी घेऊन उतरलो. ते उतरले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर पाहत म्हणाले,

"श्रावणात तू तेल बदलून गेल्यावर आठ दिस गाडी बराबर चालली. दोनदा जालना केलं. पट्टी तवा जाग्यावरच व्हती."

मी पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"फडक्यातून लाल शेंडा दिसला मला. तसं दावं त्या घरात एकच माणूस वळतो. मी कुणाला सांगणार न्हाई. तू केलं ते चांगलं केलं."

"मंग झालं तर," मी म्हणालो. "तुमची बी नोकरी राह्यली, त्याची बी."

"राह्यली," दाजी म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "पाटलानं मला चोर म्हणलं त्याचं मला काई न्हाई. पाटील परका हाय. पण कचरूबाबासाठी तुला पाटलापुढं उभं राहून खोटं बोलता आलं. इचार बी करावा लागला न्हाई. अन् माझ्यासाठी तुला खरं बी बोलता आलं न्हाई. नुसतं म्हणायचं व्हतं, माझा दाजी चोर न्हाई. दोष सापडायच्या आधी म्हणायचं व्हतं. तू मलाच इचारलं. तिच्यापुढं."

ते रागावले असते तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. पण ते रागावले नव्हते. त्यांनी गिअर टाकला, मोटार वळवली आणि धावड्याच्या रस्त्याला लागले.

सर्व्हिस मोटारीला अजून तासभर अवकाश होता. त्या तासात मला ते वाक्य शंभर वेळा म्हणता आलं. माझा दाजी चोर नाही. अगदी सोपं वाक्य होतं. पण ते आता म्हणून उपयोग नव्हता, कारण आता ते सगळ्यांनाच माहीत होतं.